रुमालाखालचा सौदा

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. जुनी, हाताने फिरवायची लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्याला लावली, तर फ्लॅशच्या प्रकाशाचा हिशेब कोणी करायचा, एवढाच. ज्यांना फोटोग्राफीत काडीचा रस नाही अशा नातेवाईकांनी (पुण्याच्या वहिनी, तुम्हीसुद्धा) लगेच पान मिटू नये, कारण ही गोष्ट कॅमेऱ्यापाशी थांबत नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली किती आणि विकणाऱ्याची किती, इथपर्यंत ती जाते.

आधी प्रतिपक्षाचं म्हणणं. आमचा भाचा संगणकातला माणूस आहे, हुशार आहे, आणि माझ्यावर त्याचं प्रेमही आहे. तो म्हणतो, "मामा, ती लेन्स आता शोकेसमध्ये ठेवा. नव्या कॅमेऱ्याला ती चालत नाही. आणि फ्लॅश तर विसराच." दुकानदार हेच म्हणतात, हौशी मंडळी हेच म्हणतात. सगळ्यांचे शब्द तेच: "चालत नाही."

मी जन्मभर मराठी शिकवलं. त्यामुळे वाक्यातला कर्ता कुठे दडून बसलाय हे बघायची खोड अजून गेलेली नाही. "बैल चालत नाही" आणि "बैलाला चालू देत नाहीत" ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यात दोष बैलाचा. दुसऱ्यात दावं कोणाच्या तरी हातात आहे. माझं म्हणणं असं की जुन्या लेन्सच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसरं वाक्य खरं असतं आणि आपल्याला पहिलं वाक्य पाठ करायला लावलं आहे.

आता थोडा धडा घेतो. लेन्सच्या पोटात पात्यांनी बनलेलं एक छिद्र असतं. ते लहानमोठं करून प्रकाश कमीजास्त करायचा. जुन्या लेन्सवर त्यासाठी एक कडी असते आणि तिच्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले असतात. आकडा मोठा तसं छिद्र लहान. एकेक पायरी पुढे गेलं की प्रकाश निम्मा. नवी लेन्स हा आकडा विजेच्या संपर्कबिंदूंमधून कॅमेऱ्याला कळवते. जुनी लेन्स मुकी आहे. आता नवा डीएसएलआर फ्लॅशचं माप कसं घेतो? खरा फ्लॅश उडण्याआधी तो एक बारीकसा चमकारा मारतो, त्याला प्रीफ्लॅश म्हणतात. तो परत आला की किती उजेड पडला ते लेन्समधून मोजतो, आणि मग खऱ्या फ्लॅशला किती जोर द्यायचा ते ठरवतो. हे मोजताना छिद्र सताड उघडं असतं आणि फोटो मात्र ते बारीक करून काढायचा असतो. म्हणून कॅमेऱ्याला लेन्सचा आकडा माहीत हवा. मुकी लेन्स तो सांगत नाही, आणि इथे गाडी अडते.

इथवर कंपन्यांचं काही चुकलेलं नाही. पण मुक्या माणसाशी व्यवहार आपण गावात करतोच की! एक तर त्याला खुणेने विचारतो, किंवा त्याच्या सोबत आलेल्या माणसाला विचारतो. लेन्सच्या सोबत आलेला माणूस म्हणजे मी. आकडा माझ्या डोळ्यांसमोर कोरलेला आहे. कॅमेऱ्याने मला विचारावं, मी सांगेन.

आणि विचारणारे कॅमेरे झालेले आहेत, हाच माझा मुख्य पुरावा. निकॉनने १९७७ साली आपल्या लेन्सच्या कडीला एक खाच दिली आणि कॅमेऱ्याला ती चाचपणारी एक चिमुकली खुंटी दिली. ही झाली खूण. पुढे डिजिटलमध्ये डी २००, डी ३००, डी ७००० अशा कॅमेऱ्यांत खुंटीही ठेवली आणि मेनूत एक पानही दिलं. त्यात लेन्सचं नाभीय अंतर आणि सर्वात मोठं छिद्र आपण भरायचं. ते भरलं की चाळीस वर्षांची मुकी लेन्ससुद्धा प्रकाशमापनाला आणि फ्लॅशच्या मापनाला चालते. त्याच कंपनीच्या स्वस्त डी ४० मध्ये (२००६) मात्र खुंटी नाही आणि ते पानही नाही. लेन्स बसते, फोटो निघतो, पण माप शून्य. लेन्स तीच, मग "चालत नाही" हा लेन्सचा गुण कसा झाला? त्याहून बोलका दाखला पुढचा. डी ७२०० (२०१५) मध्ये ही खुंटी होती. त्याच मालिकेतला पुढचा डी ७५०० (२०१७) आला तेव्हा ती काढून टाकलेली होती. दोन वर्षांत जुन्या लेन्स काही बिघडल्या नव्हत्या.

पेंटॅक्सची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्यांनी १९७५ साली जे 'के' माउंट काढलं ते आजही त्यांच्या डीएसएलआरवर आहे, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्याला बसते. याबद्दल त्यांना मनापासून नमस्कार. पण १९८३ च्या आधीच्या, कडीवर 'ए' हे अक्षर नसलेल्या लेन्स लावल्या की कॅमेरा छिद्र वाचत नाही. एक हिरवं बटण दाबून माप घ्यावं लागतं. तेही ठीक. फ्लॅशचं काय? त्यांच्या २००३ च्या 'इस्ट डी' या पहिल्या डीएसएलआरमध्ये जुन्या पद्धतीचं फ्लॅशमापन अजून होतं आणि ते या मुक्या लेन्सनाही चाले. २००६ च्या के १० डी मध्ये ते काढून फक्त नवी पद्धत ठेवली. ही नवी पद्धत मुकी लेन्स दिसली की हिशेब सोडून देते आणि फ्लॅश पुऱ्या ताकदीने उडतो. "मला कळत नाही" असं म्हणून गप्प बसणारा विद्यार्थी परवडतो. कळत नाही म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारा कोणाला हवा?

आता तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याला फ्लॅश हवाच कशाला? नवे कॅमेरे अंधारातही बघतात. आयएसओ वाढवा आणि काढा फोटो.

यासाठी तुम्हाला एपीएमसी मार्केटात यावं लागेल. निवृत्तीनंतर माझा पहाटेचा फेरा तिथे असतो. मुंबईतल्या दाटीतून हा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आला, आधी कांदा-बटाटा, आणि १९९६ साली भाजी आणि फळं. आज तिथे पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य. शहर झोपलेलं असतं तेव्हा ट्रक लागतात आणि फळ्या टाकून माल उतरू लागतो. उतरवणारा माथाडी. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी, इतका सरळ शब्द. त्यांच्यासाठी १९६९ साली महाराष्ट्रात कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं. बरेच जण सातारा-सांगलीकडच्या डोंगरातल्या गावांतले, आणि गावाची ओढ अजून पक्की.

तिथला उजेड कसा असतो? छप्पर उंच, दिवे छपराला, उजेड सरळ डोक्यावर पडतो. माथाड्याच्या डोक्यावर पोत्याची खोळ किंवा मुंडासं. त्यामुळे खांदे उजळतात, पोतं उजळतं, पोत्यावरचा छापसुद्धा वाचता येतो, आणि चेहऱ्याच्या जागी एक काळी पोकळी. आयएसओ वाढवून ती पोकळी भरत नाही, सगळंच उजळतं आणि पोतं पांढरंफटक पडतं. मालाचा फोटो छान येतो, माणसाचा येत नाही. (बाजाराबद्दलच्या बातम्यांमध्येही पुष्कळदा असंच होतं, असो.) चेहरा हवा असेल तर समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून थोडा उजेड द्यावाच लागतो. थोडाच. म्हणून फ्लॅश, आणि म्हणून त्याचं माप.

हे फोटो मी छापून त्यांच्या हातात देतो. मोबाईल सगळ्यांकडे आहेत, पण भिंतीवर लावायला कागद लागतो. माझ्या कॅमेऱ्याच्या स्वयंचलित फ्लॅशने काढलेल्या फोटोंबद्दल एक तक्रार सारखी यायची: "सर, डोळे मिटलेत." कॅमेरा कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण हे सगळ्यांच्या प्रीफ्लॅशमध्ये होऊ शकतं. आधीचा बारीक चमकारा आपल्याला वेगळा दिसत नाही, पण पापणीला दिसतो. ज्यांची पापणी चपळ, त्यांचे डोळे खरा फ्लॅश उडेपर्यंत अर्धे मिटलेले असतात. रात्रभर जागलेल्या माणसाचा डोळे मिटलेला फोटो घरी पाठवला तर घरचे काय समजतील, ते सांगायला नको. एका वयस्क माथाड्याने मला स्पष्टच सांगितलं, "गुरुजी, फोटो काढा, पण मी जागा आहे हे दिसू द्या." मापन चांगलं की वाईट हे मी त्या दिवसापासून या एका वाक्याने ठरवतो.

आता बाजारातलाच एक शब्द उसना घेतो: हत्ता. तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. आंब्याच्या पेट्यांचा सौदा करताना विकणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्या बागायतदाराला, ज्याचा आंबा आहे त्याला, भाव कळत नाही. बाजाराच्या नियमांना उघड लिलाव अभिप्रेत आहे, हत्त्याला मनाई आहे, आणि तरीही या पद्धतीच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येत राहिल्या आहेत.

नव्या कॅमेऱ्याचा आणि फ्लॅशचा सौदा अगदी असाच चालतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची जी खाच असते (हॉट शू म्हणतात तिला), तिच्यात मधोमध एक मोठा संपर्कबिंदू असतो. हा उघड लिलाव. तो फक्त एवढंच सांगतो: "आता उड." कोणत्याही कंपनीचा फ्लॅश ते ऐकतो. त्याच्या आजूबाजूला बारीक बारीक आणखी बिंदू असतात. ही रुमालाखालची बोटं. प्रत्येक कंपनीची त्यांची मांडणी वेगळी, भाषा वेगळी. इतर उत्पादकांनी ती ऐकून-ऐकून ओळखायची. एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसतो, उडतोही, पण मापाचं बोलणं होत नाही. आणि शेजारी उभा बागायतदार, म्हणजे तुम्ही-आम्ही, ज्याने दोन्हींचे पैसे दिलेत, त्याला आत काय ठरलं ते कळत नाही.

कॅननचा ईओएस २०० डी मार्क टू (२०१९) बघा. त्यात तो मधला बिंदूसुद्धा ठेवला नाही. म्हणजे साधा, कोणालाही ऐकू येणारा "आता उड" हा शब्दही गेला, आणि ज्यांना रुमालाखालची भाषा येते तेवढेच फ्लॅश उरले. असा कॅमेरा साहजिकच पहिला कॅमेरा म्हणून विद्यार्थी घेतात, आणि साधा मॅन्युअल फ्लॅश परवडणारेही तेच असतात.

बाजारात मापाडी नावाचा एक माणूस असतो. मालाचं वजन तो करतो. विकणाऱ्याने स्वतः तोलायचं नाही, घेणाऱ्यानेही नाही. मधला, परवानाधारक माणूस तोलतो. शेकडो वर्षांच्या फसवणुकीतून सुचलेलं हे शहाणपण आहे. कॅमेऱ्याच्या धंद्यात मात्र माल विकणारा, दलाल आणि मापाडी तिघेही एकच. काटा त्यांचा, वजनं त्यांची, आणि तुमच्या घरच्या मालाला ते म्हणतात, "हा आमच्या काट्यावर चालत नाही."

कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे ती कबूल करतो, नाहीतर मास्तरकी ती कसली. ऑलिंपसने १९७५ साली ओएम २ कॅमेऱ्यात एक सुंदर युक्ती केली होती. फ्लॅश उडत असतानाच फिल्मवरून परावर्तित होणारा उजेड कॅमेरा मोजायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅश तिथल्या तिथे तोडायचा. तिथे लेन्सला काही विचारायची गरजच नव्हती. जो उजेड आत आला तोच मोजला, मग लेन्स बोलकी असो वा मुकी. प्रीफ्लॅश नाही, म्हणून त्यावर डोळेही मिटत नाहीत. डिजिटलमध्ये ही युक्ती नीट जमली नाही, कारण फिल्मचा पृष्ठभाग मॅट असतो, उजेड सगळीकडे सारखा पसरवतो, आणि सेन्सरवर काच असते, ती आरशासारखी वागते. म्हणून प्रीफ्लॅश आला. हे कारण भौतिकशास्त्राचं आहे, मला मान्य आहे. पण खुंटी काढणं भौतिकशास्त्रात बसत नाही. मेनूतलं एक पान स्वस्त मॉडेलला न देणं बसत नाही. मधला बिंदू गाळणं तर अजिबात बसत नाही. खऱ्या अडचणीच्या आडोशाला तीन सोयीच्या गोष्टी उभ्या केल्या आहेत.

आता दुसरं भांडण, आणि ते आपल्याच माणसांशी आहे. "कॅमेरा मोजत नाही, म्हणजे मोजताच येत नाही" असं आपण धरून चाललो, हे कंपन्यांनी आपल्यावर लादलेलं नाही. फ्लॅशचं माप सातवीतल्या मुलाच्या गणिताचं आहे. प्रत्येक फ्लॅशला एक गाईड नंबर असतो. त्याला अंतराने भागलं की छिद्राचा आकडा मिळतो. बस्स. माझ्या साध्या, मुक्या फ्लॅशचा गाईड नंबर आयएसओ १०० ला ३४ मीटर आहे. ताकद १/१६ केली तर प्रकाश सोळापट कमी. पण अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट कमी होतो, म्हणून गाईड नंबर वर्गमुळाने बदलतो. सोळाचं वर्गमूळ चार, ३४ भागिले ४ म्हणजे साडेआठ. आयएसओ १०० चं ४०० केलं, चौपट, त्याचं वर्गमूळ दोन, म्हणून साडेआठचे सतरा. माणूस तीन मीटरवर उभा आहे. १७ भागिले ३, साधारण ५.६. कडी ५.६ वर. झालं! आणि तीन मीटर हे अंतर मोजायला फूटपट्टी लागत नाही, जुन्या लेन्सच्या दुसऱ्या कडीवर मीटर आणि फूट दोन्ही कोरलेले असतात. फोकस केला की अंतर वाचायचं. नव्या लेन्सपैकी पुष्कळांवरून हे आकडे पुसले गेलेत.

शटर १/५० वर ठेवतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्या दिव्यांची लुकलुक सेकंदाला शंभर वेळा होते, म्हणून १/५० ला पट्टे उमटत नाहीत. मागचा बाजार जरा अंधारात राहतो, पण दिसतो. चेहरा फ्लॅशने उजळतो. दोन उजेडांची दोन वेगळी माणसं: बाजाराचा उजेड शटर सांभाळतो, फ्लॅशचा उजेड छिद्र आणि अंतर सांभाळतात. उजेड फार टणक वाटला तर फ्लॅशवर पांढरा रुमाल टाकतो. तो एक पायरी उजेड खातो, म्हणून १/१६ ऐवजी १/८. माझ्याही फ्लॅशवर रुमाल असतो, पण त्याखाली काय चाललंय ते मला माहीत असतं.

एकदा हे बसवलं की तीन मीटरवर उभ्या असलेल्या कोणाचाही फोटो तसाच येतो. काळा बनियन असो की पांढरा सदरा, माप हलत नाही. स्वयंचलित मापन पांढऱ्या सदऱ्याला फसतं आणि चेहरा काळवंडवतं, कारण ते परत आलेला उजेड मोजतं. गणित अंतर मोजतं, आणि अंतराला सदऱ्याचा रंग कळत नाही. प्रीफ्लॅश नाही, म्हणून डोळे उघडे.

ज्यांना भागाकारही नको त्यांच्यासाठी सत्तरच्या दशकातच सोय झालेली होती. व्हिविटार २८३ सारख्या फ्लॅशच्या कपाळावर स्वतःचा डोळा असे. आपण कडीवरचा आकडा फ्लॅशच्या तबकडीवर लावायचा. उजेड परत आला की फ्लॅश स्वतःच स्वतःला तोडायचा. त्याला लेन्स कोणाची याचं घेणंदेणं नाही. हा खरा मापाडी, दोघांच्या मधला. अशी सोय असलेले फ्लॅश आजही शोधले तर मिळतात. फक्त एक सावधगिरी: त्या काळच्या काही फ्लॅशच्या पायाशी दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि नव्या कॅमेऱ्याचा जीव त्याने जाऊ शकतो. माळ्यावरचा फ्लॅश मोजल्याशिवाय चढवू नका.

काही आक्षेप राहिले. लग्नात फोटो काढणारा म्हणेल, "सर, नवरानवरी तीन मीटरवर उभी राहत नाहीत, धावपळ असते." बरोबर आहे. त्याने स्वयंचलित मापन खुशाल वापरावं. रोजीरोटीचा प्रश्न आहे, गणित सोडवत बसला तर सप्तपदी संपेल. माझं भांडण स्वयंचलित सोयीशी नाही, ती नसली की सगळीच दारं लावून घेण्याशी आहे. दुसरा आक्षेप, वयाचा: हाताने फोकस तुम्हाला दिसतो का? मिररलेस कॅमेऱ्यात चित्र मोठं करून बघता येतं, आणि माझ्या चष्म्यालाही ते दिसतं. मिररलेसमुळे एक मोठा उपकारही झाला. कॅमेरा उथळ झाल्यामुळे साध्या अडॅप्टरने जवळपास कोणतीही जुनी लेन्स बसते, आणि सेन्सर जे दिसतं तेच मोजतो, म्हणून साध्या उजेडाचं माप मुक्या लेन्सलाही मिळतं. फ्लॅशचं मात्र अजून 'ज्याची त्याची मर्जी'. तिसरा आक्षेप, बुरशी. हा सर्वात खरा. खाडीकाठच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, आणि तिला कंपनी जबाबदार नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, हे लोणच्याइतक्याच निगुतीने करावं लागतं.

आणि जुन्या लेन्समध्ये काही जादू असते असं सांगणाऱ्यांच्या पंक्तीलाही मी बसत नाही. जादूबिदू काही नाही. उजेड समोर आला की ती फिकट पडते, कडा मऊ येतात. पण धातूची आहे, तिच्या कड्या आजही लोण्यासारख्या फिरतात, आणि तिच्यावर जे कोरलंय ते खरं आहे. एवढं पुरे.

भाचा म्हणतो, "मामा, एवढ्या छोट्या गोष्टीसाठी एवढं मोठं भांडण?" अरे, आपल्या सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरातली उपकरणं, गाड्या, यांची दुरुस्ती कंपन्या अडवून धरतात म्हणून. तिथे निदान वस्तू मोडलेली तरी असते. इथे तर न मोडलेली वस्तू मोडीत काढली जाते आहे, आणि ते काम एका खुंटीच्या अभावाने होतं. छोट्या खुंटीवरच तर घोडं अडतं.

माझ्या मागण्या तीनच आहेत. एक: स्वस्तातल्या स्वस्त कॅमेऱ्यातही लेन्सचं नाभीय अंतर आणि छिद्राचा आकडा हाताने भरायची सोय द्या. खुंटीला खर्च येतो म्हणाल, मेनूतल्या एका पानाला किती येतो? दोन: लेन्स ओळखता आली नाही तर फ्लॅश पुऱ्या ताकदीने उडवू नका. "ताकद सांगा" असं विचारा. समोर माणूस उभा असतो. तीन: मधला बिंदू काढू नका. तुमची रुमालाखालची भाषा तुमच्याजवळ ठेवायची तर ठेवा, पण निदान "आता उड" एवढा एक शब्द सगळ्यांच्या भाषेत राहू द्या.

आणि आपल्यासाठी एकच, मागणी नव्हे, विनंती. पुढच्या वेळी कोणी "चालत नाही" म्हटलं, मग ते लेन्सबद्दल असो, मिक्सरबद्दल असो की प्रिंटरच्या शाईबद्दल, तर लगेच मान डोलवू नका. वाक्याचा कर्ता विचारा. कोण चालू देत नाही? आणि मग कागदपेन्सिल घेऊन बघा, ते काम आपल्यालाच करता येतं का. पुष्कळदा येतं.

जाता जाता एक नियम, बाजारात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या तरुण मंडळींसाठी, आणि हा कोणत्याही कॅमेऱ्याच्या पुस्तकात नसतो. फळीवरून उतरणाऱ्या, पाठीवर पोतं असलेल्या माणसावर फ्लॅश कधीही उडवायचा नाही. क्षणभर त्याला फळी दिसत नाही. त्याने ओझं टेकवलं, घाम पुसला, तुमच्याकडे बघून "हं" म्हटलं, की मग तीन मीटर, कडी ५.६ वर, आणि मग बटण.

बघा पटतंय का. नाही पटलं तर आपलीही भांडायची तयारी आहे. इति लेखनसीमा.